कमांड नेमकी कुठे चालते?

हिंजवडी किंवा ऐरोलीत रात्रपाळीला बसलेला सिस्टिम अ‍ॅडमिन ज्या सर्व्हरची देखभाल करतो, तो सर्व्हर पुष्कळदा फ्रँकफर्ट, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या डेटा सेंटरमध्ये असतो. त्याने तो कधी पाहिलेला नसतो आणि पाहण्याची गरजही पडत नाही. त्या एका सर्व्हरवर, म्हणजे ‘होस्ट’वर, तीस-चाळीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या व्हीएम, चालू असतात. असे शंभर होस्ट असले की व्हीएमची संख्या हजारांत जाते. हा सगळा पसारा दुरून सांभाळण्यासाठी कमांड लाइनची साधनं गेल्या वीस वर्षांत भराभर आली आणि त्यातली काही गेलीही. ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं नवे लोक हमखास विचारतात. मला वाटतं, त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: टाइप केलेली कमांड प्रत्यक्षात कोणत्या यंत्रावर चालते, ती कोणाच्या नावाने चालते आणि उत्तर म्हणून परत काय येतं. या तीन प्रश्नांवर घासून पाहिलं की प्रत्येक साधनाचा स्वभाव उघड होतो.

व्हर्च्युअल मशीनला दुरून मजकुरात हुकूम देणं ही मुळात जुनी रीत आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात सीपी-४० आणि पाठोपाठ सीपी-६७ तयार झालं, तेव्हा माणूस टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर बसून आपलं व्हीएम चालवत असे. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणायचं जाहीर केलं, तेव्हाही सगळा व्यवहार मजकुरातच होता. माउसने चालणारे कन्सोल पुष्कळ नंतरचे.

आज ते कन्सोल उत्तम आहेत, तरीही कमांड लाइन टिकून आहे. त्याचं एक कारण अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संदेश जाऊन परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात आणि त्यात फार कपात होण्यासारखी नाही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. अशा दिवशी रिमोट डेस्कटॉप गुदमरतो. काही शे बाइटचा मजकूर मात्र वाट काढतो. मध्येच कनेक्शन तुटलं तरी चालू काम मरू नये म्हणून ‘स्क्रीन’ आणि ‘टीमक्स’ आहेत. ज्याला रोज खंडापलीकडे काम करायचं आहे, त्याने लांबचं कोणतंही काम त्यांच्याशिवाय सुरू करू नये.

पण वेग हे माझ्या लेखी दुय्यम कारण. खरं कारण असं की लिहिलेली कमांड दुसऱ्याला वाचता येते, केलेला क्लिक वाचता येत नाही. स्नॅपशॉटचंच घ्या. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी कोणीतरी व्हीएमचा स्नॅपशॉट घेतो, काम नीट होतं आणि स्नॅपशॉट तसाच राहून जातो. त्यामागची बदलांची फाइल दिवसेंदिवस फुगते आणि एके रात्री डेटास्टोअर भरून त्यावरची व्हीएम अडकतात. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअरचं मार्गदर्शन आहे. चारशे व्हीएम एकेक उघडून हे तपासायचं म्हटलं तर कोणीच तपासणार नाही. व्हीएमवेअरच्या पॉवरसीएलआय या साधनात ‘गेट-व्हीएम’चं उत्तर ‘गेट-स्नॅपशॉट’कडे द्यायचं, त्यातले तीन दिवसांहून जुने गाळून घ्यायचे, एवढी एक ओळ पुरते. ती ओळ चालवण्याआधी शेजारच्या सहकाऱ्याला दाखवता येते, गिटमध्ये ठेवता येते, दर सोमवारी आपोआप चालवता येते. काम मजकूर झालं की त्याची तपासणी होऊ शकते. कमांड लाइनचा मला वाटणारा सगळ्यात मोठा गुण हाच.

पहिल्या प्रश्नावर, म्हणजे कमांड कुठे चालते यावर, व्हीएमवेअरच्या इतिहासाने सर्वांत जास्त शिकवलं आहे. २००१ मध्ये आलेल्या ईएसएक्स सर्व्हरबरोबर ‘सर्व्हिस कन्सोल’ नावाचं रेड हॅटवर बेतलेलं लिनक्स वातावरण येत असे. अ‍ॅडमिन एसएसएचने त्यात शिरायचा आणि ‘ईएसएक्ससीएफजी’ने सुरू होणाऱ्या कमांड चालवायचा. लिनक्स जाणणाऱ्यांची त्यात फार सोय होती. बॅकअपचे एजंट, हार्डवेअर तपासणारे प्रोग्रॅम, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट, सगळं तिथेच बसवलं जायचं. परिणामी वर्षभरात दोन होस्ट एकमेकांसारखे राहत नसत, आणि हायपरवायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ थराला, धक्का न लावणारी लिनक्समधली प्रत्येक त्रुटीही बुजवत बसावं लागे. २००७ च्या अखेरीस ईएसएक्सआय आलं. त्यात हा कन्सोलच नव्हता. एक छुपा शेल होता: होस्टच्या पडद्यासमोर आल्ट आणि एफ१ दाबायचं, काही दिसत नसताना ‘अनसपोर्टेड’ असं टाइप करायचं, की तो उघडायचा. २०११ च्या व्हीस्फिअर ५ पासून फक्त ईएसएक्सआय उरलं आणि सर्व्हिस कन्सोलचा कायमचा निरोप झाला.

पुष्कळ जुन्या लोकांना हा निर्णय आवडला नव्हता. मला तो योग्य वाटतो. होस्टच्या शेलमध्ये शिरून काम करणं म्हणजे पैसे काढायला थेट बँकेच्या तिजोरीत जाणं. एपीआयमार्फत काम करणं म्हणजे काउंटरवर सही केलेली स्लिप देणं. दुसऱ्या रीतीत स्लिप कोणाची, तिला अधिकार आहे का, हे आधी पाहिलं जातं आणि नोंद मागे उरते. कन्सोल गेल्यावर व्हीएमवेअरने दिलेली साधनं याच वळणाची होती. अ‍ॅडमिनच्या यंत्रावर बसवायचा व्हीस्फिअर सीएलआय संच आणि त्या संचासह तयार मिळणारं व्हीएमए नावाचं लिनक्सचं व्हीएम आलं. दोन्ही पुढे बंद झाली. त्या संचातलं ईएसएक्ससीएलआय मात्र टिकलं आणि आज ते स्वतंत्रपणे बसवता येतं. ते होस्टवरही चालतं आणि दुरूनही. दुरून चालवताना होस्टचं प्रमाणपत्र ओळखीचं नसेल तर त्या प्रमाणपत्राचा ‘थंबप्रिंट’ मागतं. घाईच्या वेळी ही मागणी त्रासदायक वाटते, पण मधल्या मध्ये दुसराच कोणी होस्ट असल्याचं भासवत नाही ना, याची खातरजमा तिनेच होते.

व्हीएमवेअरच्या जगात खरं राज्य पॉवरसीएलआयचं. २००८ मध्ये ते ‘व्हीआय टूलकिट’ या नावाने आलं, विंडोजच्या पॉवरशेलवर उभं राहिलं आणि २०१८ च्या दहाव्या आवृत्तीपासून लिनक्स आणि मॅकवरही चालू लागलं. परत काय येतं, या तिसऱ्या प्रश्नावर त्याचं वेगळेपण दिसतं: त्याचं उत्तर ओळींचं नसतं, वस्तूंचं, म्हणजे ऑब्जेक्टचं, असतं. व्हीएमची मेमरी हवी असेल तर ओळ कापून चौथा रकाना शोधायचा नसतो, त्या गुणधर्माचं नाव घ्यायचं असतं. पुढची आवृत्ती आली आणि रकाने सरकले म्हणून स्क्रिप्ट मोडत नाही. ‘व्हॉटइफ’ जोडलं की कमांड प्रत्यक्ष काही न करता काय केलं असतं ते सांगते. एक सापळा मात्र प्रत्येकाने ओळखून ठेवावा. एकाच सत्रात दोन व्हीसेंटरना, म्हणजे अनेक होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या दोन सर्व्हरना, जोडून घेतलं आणि मोड ‘मल्टिपल’ असला, तर सर्व्हरचं नाव न देता चालवलेली कमांड दोन्हीकडे जाते. चाचणीच्या व्हीसेंटरवर साफसफाई करताना दुसऱ्या टोकाला ग्राहकाचं व्हीसेंटर जोडलेलं असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. खात्री विचारणारा प्रश्न स्क्रिप्टमध्ये बंद केलेला असेल तर डिस्कसकट व्हीएम काढून टाकणारी कमांडही तितक्याच शांतपणे चालते.

ज्यांना पॉवरशेल नको आहे त्यांच्यासाठी गो भाषेत लिहिलेलं ‘गोव्हीसी’ आहे. एकच फाइल, बसवायला काही लागत नाही, जेसन स्वरूपात उत्तर देते. लिनक्सच्या स्क्रिप्टमध्ये व्हीस्फिअरला हात लावायचा असेल तर मी तेच सुचवेन.

मायक्रोसॉफ्टचा रस्ता खडतर होता. हायपर-व्ही २००८ मध्ये आलं, सर्व्हर कोअर ही ग्राफिकल पडद्याविना चालणारी आवृत्तीही त्याच वेळी आली, पण हायपर-व्हीची स्वतःची कमांडच नव्हती. डब्ल्यूएमआयच्या लांबलचक स्क्रिप्ट लिहाव्या लागत, आणि डोमेनबाहेरून जोडायचं असेल तर परवानग्यांचं इतकं जंजाळ होतं की मायक्रोसॉफ्टमधल्याच एकाने ते सोडवणारी ‘एचव्हीरिमोट’ ही स्क्रिप्ट लिहून सगळ्यांना दिली. हायपर-व्हीचं अधिकृत पॉवरशेल मॉड्यूल विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये मिळालं. आज ‘इन्व्होक-कमांड’ने एक तुकडा एकाच वेळी अनेक होस्टवर धाडता येतो; वेगळं काही सांगितलं नाही तर तो ३२ होस्टपर्यंत समांतर चालतो.

इथे पहिला प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. हायपर-व्हीच्या मॉड्यूलमधल्या ‘गेट-व्हीएम’ला होस्टचं नाव दिलं तर कमांड तुमच्या यंत्रावर चालते आणि दुरून माहिती आणते. ‘इन्व्होक-कमांड’मध्ये ती त्या होस्टवरच चालते आणि परत येते ती वस्तूची निर्जीव प्रत, तिच्यावर पुढची क्रिया करता येत नाही. शिवाय त्या होस्टवरून तिसऱ्या सर्व्हरवरची डिस्क-फाइल उघडायला गेलात तर नकार मिळतो, कारण तुमची ओळख दुसऱ्या उडीला सोबत जात नाही. केर्बेरॉसचं मर्यादित प्रतिनिधित्व नीट मांडलं की हे सुटतं. त्याऐवजी क्रेडएसएसपी चालू करून होस्टकडे आपला पासवर्डच सोपवण्याची पळवाट अनेक ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे. मायक्रोसॉफ्टचं या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम मला ‘जस्ट इनफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे वाटतं: हेल्पडेस्कवरच्या मुलीला व्हीएम बंद-चालू करण्यापुरत्या चारच कमांड दिसतील, पाचवी अस्तित्वातच नसेल, अशी खिडकी तयार करता येते. इतकी चांगली सोय असूनही ती फार कमी ठिकाणी वापरलेली दिसते, याचं वाईट वाटतं.

लिनक्सकडे वळलं की हवा बदलते. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या कर्नलमध्ये आलं. ते लिहिणारी क्यूमरानेट ही कंपनी पुढच्या वर्षी रेड हॅटने घेतली. त्याआधीच, २००५ मध्ये, रेड हॅटच्या डॅनिएल व्हेयार यांनी लिबव्हर्ट सुरू केलं होतं. त्यामागचा विचार फार दूरदृष्टीचा होता: हायपरवायझर बदलत राहतील, त्यांना हुकूम देणारी भाषा एक असावी. त्या भाषेचा शेल म्हणजे ‘व्हर्श’. कुठे जोडायचं हे एका पत्त्यात लिहायचं: हायपरवायझर कोणता, वाट कोणती, यंत्र कोणतं. केव्हीएमसाठी क्यूएमू, अधिक एसएसएच, होस्टचं नाव, आणि शेवटी ‘सिस्टिम’. एवढ्यावर पुण्यातल्या लॅपटॉपवरून नागपुरातला होस्ट आपल्यासमोर असल्यासारखा बोलतो. दोन-तीन होस्ट असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा छोट्या कारखान्याला याहून वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्हर्शच्या बाबतीत तीन गोष्टी मुरलेल्या लोकांनाही अडकवतात. ‘शटडाउन’ ही फक्त विनंती असते. आतली ऑपरेटिंग सिस्टिम ऐकेलच असं नाही. ‘डिस्ट्रॉय’ वीज तोडल्यासारखं व्हीएम थांबवतं, पण डिस्क आणि व्हीएमच्या रचनेची साठवलेली व्याख्या जागेवर ठेवतं. व्याख्या पुसते ‘अनडिफाइन’, आणि सोबत स्टोरेज काढून टाकण्याचा पर्याय दिला तर डिस्कही जाते. दुसरी गोष्ट, बदल चालू व्हीएममध्ये करायचा की साठवलेल्या व्याख्येत, हे ‘लाइव्ह’ आणि ‘कॉन्फिग’ या पर्यायांनी वेगवेगळं सांगावं लागतं. फक्त ‘लाइव्ह’ने जोडलेलं नेटवर्क कार्ड व्हीएम बंद करून सुरू केलं की नाहीसं होतं, आणि तोवर ते जोडणारा रजेवर गेलेला असतो. तिसरी सर्वांत गंभीर. लिबव्हर्टच्या सिस्टिम जोडणीला लिहिण्याचा अधिकार देणं म्हणजे त्या होस्टवर रूट देण्यासारखंच आहे, कारण होस्टची कोणतीही डिस्क व्हीएमला जोडून आतून वाचता येते. ‘याला फक्त व्हीएम पाहायची आहेत’ म्हणून कोणाला लिबव्हर्टच्या गटात टाकताना हे आठवावं. पाहण्यापुरती केवळ-वाचन जोडणी निराळी मिळते.

झेनबद्दल थोडक्यात. केंब्रिज विद्यापीठात सुरू झालेल्या या प्रकल्पात आधी ‘एक्सएम’ आणि मग ‘एक्सएल’ ही कमांड आली. दोन्हींचा वापर होस्टवरच, म्हणजे दुरून यायचं तर एसएसएचने. झेनसर्व्हर आणि एक्ससीपी-एनजी यांच्यातली ‘एक्सई’ मात्र एपीआयशी बोलते आणि कुठूनही चालते. मी आधी मांडलेला फरक एकाच घराण्यात असा शेजारी शेजारी दिसतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याची चर्चा सर्वाधिक आहे ते व्हिएन्नात तयार होणारं प्रॉक्समॉक्स. ते २००८ पासून आहे, डेबियनवर चालतं आणि त्याच्याकडे दोन्ही वाटा आहेत. ‘क्यूएम’ ही कमांड ज्या नोडवर टाइप कराल त्याच नोडच्या व्हीएमना ओळखते. शेजारच्या नोडवरचं व्हीएम मागितलं तर अशी फाइलच नाही म्हणते, आणि नवा माणूस व्हीएम उडालं समजून घाबरतो. ‘पीव्हीईएसएच’ एपीआयमधून जातं, त्यामुळे क्लस्टरमधल्या कोणत्याही नोडपर्यंत पोचतं. दुरून काम करणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं: क्लस्टरमधलं बहुमत गेलं की सेटिंग ठेवणारी सामायिक जागा केवळ वाचता येते. तेव्हा कमांड नाकारल्या जातात, आणि ते योग्यच असतं. इंटरनेटवर वाचून अपेक्षित मतांची संख्या एकवर आणण्याआधी उरलेले नोड खरोखर बंद आहेत की फक्त आपल्याला दिसत नाहीत, हे तपासलं नाही तर एकच व्हीएम दोन ठिकाणी चालू होऊन डिस्कची वाट लागू शकते.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कोणाच्या नावाने, हल्लेखोरांनी सर्वांचं लक्ष वेधलं. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्रान्सच्या सर्ट संस्थेने ईएसएक्सआयवरच्या हल्ल्यांचा इशारा दिला. ‘ईएसएक्सआय-आर्ग्ज’ नावाने ओळखलं गेलेलं हे खंडणीचं सॉफ्टवेअर होस्टवरचं ईएसएक्ससीएलआयच वापरून व्हीएमची यादी काढत होतं, त्यांच्या प्रक्रिया थांबवत होतं आणि मग फाइली कुलूपबंद करत होतं. अ‍ॅडमिनचं अवजार तसंच्या तसं त्यांच्या हातात होतं. ज्या त्रुटीतून ते शिरल्याचं मानलं गेलं तिची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, दोन वर्षं आधीच, आलेली होती. पुष्कळ ठिकाणी मोठ्या डिस्क-फाइली अस्पर्श राहिल्या होत्या, म्हणून अमेरिकेच्या सिसा या संस्थेने व्याख्या पुन्हा बांधून देणारी स्क्रिप्ट प्रसिद्ध केली. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक प्रकार उघड केला: डोमेनला जोडलेला ईएसएक्सआय ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ या नावाच्या गटातल्या कोणालाही पूर्ण अधिकार देत होता. तो गट अस्तित्वात नसला तरी हल्लेखोर एका कमांडने तो तयार करत आणि स्वतःला त्यात घालून घेत.

म्हणून होस्टवरचं एसएसएच एरवी बंद असावं, लॉकडाउन मोड चालू असावा आणि व्यवस्थापनाचं नेटवर्क वेगळं असावं. चौघे जण रूट म्हणून शिरत असतील तर ईएसएक्सआयच्या शेल लॉगमध्ये कमांड सापडते, माणूस सापडत नाही. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नये; तो प्रक्रियांच्या यादीत आणि इतिहासाच्या फाइलमध्ये उघडा पडतो. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार भारतातल्या संस्थांनी लॉग १८० दिवस देशात ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. होस्टवरचेच लॉग होस्टबरोबर कुलूपबंद झाले तर या सहा तासांत कळवायला हातात काहीच उरत नाही. ते आधीच दुसऱ्या यंत्रावर जात असायला हवेत.

दुरून काम करणाऱ्याची खरी परीक्षा होस्टचं नेटवर्क बदलताना होते. चुकीचा व्हीलॅन टाकला की पुढची कमांड पोचतच नाही. व्हीस्फिअर ५.१ पासून असा बदल आपोआप मागे घेण्याची सोय आहे. उबंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर जुनं सेटिंग परत आणतं. जिथे अशी सोय नाही तिथे दहा मिनिटांनी जुनी फाइल परत बसवणारं काम आधी वेळापत्रकात टाकावं आणि मगच बदल करावा. तेही हुकलं तर सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा स्वतंत्र नियंत्रक उरतो. त्याच्याशी बोलण्याच्या, १९९८ पासूनच्या आयपीएमआय या मानकात गंभीर उणीव आहे: त्याच्या २.० आवृत्तीत ओळख पटण्याआधीच पासवर्डचा हॅश मागणाऱ्याला दिला जातो. त्याच कामासाठी २०१५ मध्ये आलेलं रेडफिश एचटीटीपीएसवर चालतं; यंत्र नवं असेल तर तेच वापरावं आणि आयपीएमआय बंद करावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं आणि अनेक संस्था प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही किंवा केव्हीएमवर आधारलेल्या दुसऱ्या पर्यायांकडे पाहू लागल्या. व्हीएम हलवणं त्या मानाने सोपं आहे. ‘व्हर्ट-व्हीटूव्ही’ डिस्क बदलून आत नवे ड्रायव्हर घालतं. प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये ईएसएक्सआयवरून थेट आयात करण्याची सोय दिली. अवघड आहे ते दहा-पंधरा वर्षांत साठलेल्या पॉवरसीएलआय स्क्रिप्टचं काय करायचं हे. त्या ओळीला ओळ लावून नव्या भाषेत उतरवणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्यातली निम्मी गुंतागुंत जुन्या व्यवस्थेच्या स्वभावातून आलेली असते. अन्सिबल किंवा टेराफॉर्मसारख्या साधनांत ‘शेवटी काय असावं’ एवढंच लिहून ठेवलं, तर खालचा हायपरवायझर बदलला तरी निदान हेतू शाबूत राहतो, जरी मॉड्यूल नव्याने लिहावी लागली तरी.

मी असं स्थलांतर करणाऱ्यांना एकच क्रम सुचवतो. आधी स्क्रिप्टचे दोन ढीग करावेत, नुसतं विचारणाऱ्या आणि काहीतरी बदलणाऱ्या. विचारणाऱ्या आधी न्याव्यात, केवळ वाचण्याचा अधिकार असलेल्या एपीआय टोकनवर, आणि काही आठवडे दोन्हीकडची उत्तरं, म्हणजे किती व्हीएम, किती मेमरी, किती जुने स्नॅपशॉट, शेजारी ठेवून पाहावीत. आकडे जुळू लागले की चालू-बंद करणाऱ्या. पुसणाऱ्या स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी, वेगळ्या टोकनवर, आणि त्या टोकनची मुदत सुरुवातीलाच ठरवून.